दादाची दारू, दादाचा आजार आणि घराण्याचं रक्त

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्यात नोकरीला आलेल्या ३१ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वडील रोज पीत. यकृत निकामी होऊन पन्नाशीतच गेले. थोरला भाऊ, वय ३६, कॉलेजपासून पितो. आता सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या क्वार्टर लागते. मधूनच त्याचे असे दिवस येतात की झोप नाही, अखंड बडबड, मोठमोठे बेत. अशाच दिवसांत त्याने द्राक्षबागेसाठी काढलेल्या कर्जाचे पैसे एका जुन्या ट्रकमध्ये घातले. त्यानंतर कित्येक आठवडे तो अंथरुणातून उठत नाही. एका डॉक्टरांनी ‘बायपोलर’ (मन कधी उसळतं, कधी पार खचतं असा आजार) सांगून गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ‘आधी दारू सोडवा.’ व्यसनमुक्ती केंद्र म्हणालं, ‘आधी डोक्याचे उपचार पूर्ण करून या.’ काका म्हणतात, ‘रक्तातच आहे, माळ घाला, दुसरा इलाज नाही.’ आई म्हणते, ‘संगत वाईट आणि सुनेचं लक्ष नाही.’ ती कुठूनशी मिळवलेली पावडर त्याच्या आमटीत कालवते. पुतण्या १३ वर्षांचा आहे. वाचक भगिनीचं स्वतःचं लग्न ठरत आलंय. त्यांचे प्रश्न असे: हे रक्तातून आलं की परिस्थितीतून? उपचार आधी कशावर? पुतण्याचं काय होईल? मुलाकडच्यांना सांगायचं का, आणि मी मूल होऊ द्यावं का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे प्रश्न नंतर घेतो. आमटीतली पावडर आज बंद करा. एसटी स्टँडच्या भिंतीवर आणि विजेच्या खांबावर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असं लिहिलेलं असतं, त्या पुड्यांत काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात डायसल्फिरॅम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर दारू गेली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो; क्वचित जीवही जातो. हे औषध वाईट नाही. दारू थांबल्यावर, तपासण्या करून, रुग्णाला सगळं समजावून आणि त्याच्या संमतीने ते दिलं जातं. मनोविकार असलेल्यांमध्ये ते जास्तच जपून वापरावं लागतं, कारण त्याने काहींचा मनोविकार चिघळतो. आईंना रागावू नका. इतकी वर्षं नवऱ्याची आणि मग मुलाची दारू बघितलेल्या बाईने हा मार्ग धरला यात नवल नाही. पण पावडरचं पाकीट फेकू नका, ते डॉक्टरांना दाखवा.

तितकंच महत्त्वाचं आणखी एक. सकाळी हात थरथरतात, म्हणजे शरीर दारूवर अवलंबून आहे. अशा माणसाला खोलीत कोंडून दारू तोडली, तर पहिल्या एक-दोन दिवसांत आकडी (फिट) येऊ शकते आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो: नसलेली माणसं दिसणं, घाम, ताप, कुणी मारायला आल्यासारखं वाटणं. यात माणूस दगावतो. दारू तोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन. गावातल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून भागत नाही. दीर्घकाळ पिणाऱ्याला बी-१ न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

आता ‘रक्त की परिस्थिती’. पत्र दोनदा वाचल्यावर जाणवलं, की तुमच्या घरात हा प्रश्न कारण शोधण्यापेक्षा दोष वाटून घेण्यासाठीच जास्त विचारला जातोय. काकांच्या ‘रक्तातच आहे’मुळे सगळेच सुटतात, कारण मग कुणी काहीच करायला नको. आईंच्या ‘संगत आणि सून’मुळे सासरचं नाव शाबूत राहतं आणि ओझं परक्या घरातून आलेल्या मुलीवर जातं. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तुमचा दादा पीतच होता ना?

तरीही प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते दोघांनाही गैरसोयीचं आहे.

१९७३ साली डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदात्या आईवडिलांपैकी एकाला दारूचं व्यसन आहे, पण मूल जन्मल्यावर काही आठवड्यांतच दत्तक गेलं आणि परक्या घरात वाढलं, अशा मुलग्यांचा मागोवा त्यांनी घेतला. मोठेपणी त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना दारूचं व्यसन जडलं. तशी पार्श्वभूमी नसलेल्या दत्तक मुलग्यांत हेच प्रमाण ५ टक्के निघालं. म्हणजे बाप डोळ्यांसमोर नसतानाही काहीतरी खाली आलं. काकांचं इथपर्यंत बरोबर. पण तेच आकडे उलटे वाचा: शंभरातल्या ८२ जणांना व्यसन लागलं नाही.

पुढे जुळ्यांच्या अनेक अभ्यासांतून दारूच्या विकाराची आनुवंशिकता साधारण ५० टक्के आणि बायपोलरची ६० ते ८५ टक्के असल्याचं दिसलं. याचा अर्थ ‘दादाची अर्धी दारू बाबांकडून आली’ असा नाही. एखाद्या समाजात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो आकडा सांगतो. आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो. फिनलंडमधल्या किशोरवयीन जुळ्यांत दारू पिण्यावर जनुकांचा प्रभाव शहरी भागात जास्त दिसला आणि खेड्यात कमी. जिथे चार डोळे लक्ष ठेवून असतात आणि बाटली सहज हाती लागत नाही, तिथे जनुकांना तितका वाव मिळत नाही. तुमच्या तालुक्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. कुठल्या चौकात किती दुकानं आहेत आणि द्राक्षाचा पैसा हातात आला की पहिली पार्टी कुठे होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

दारूचं किंवा बायपोलरचं एकच एक जनुक नसतं. हजारो जनुकीय फरक असतात, प्रत्येकाचा परिणाम कणभर, आणि त्यातले पुष्कळसे व्यसन व मनोविकार दोन्हीकडे सामाईक. एकाच घरात बापाला दारू, मुलाला दारू आणि बायपोलर, आत्याला नैराश्य असं दिसतं ते त्यामुळे. खाली येतो तो आजार नव्हे, आजाराकडे असलेला कल. तो कुणात कुठल्या रूपाने बाहेर येईल, की येणारच नाही, हे थुंकीची नळी पाठवून करायच्या ऑनलाइन ‘जनुक चाचणी’तून कळत नाही. तुम्ही तशा चाचणीचा उल्लेख केलाय. ते पैसे वाचवा.

या कलाचं एक रूप मात्र आपल्याकडे चक्क कौतुकाचा विषय असतं. ‘आमच्या पाव्हण्याला अख्खी बाटली पचते, पाय डगमगत नाही!’ कॅलिफोर्नियात मार्क शुकिट यांनी तरुण मुलांना मोजून दारू देऊन त्यांची नशा तपासली आणि काही वर्षांनंतर त्यांना पुन्हा गाठलं. विशीत ज्यांना दारू कमी चढत होती, त्यांच्यातच पुढे व्यसनी होण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि व्यसनी बापांच्या मुलांत असे कमी चढणारे जास्त होते. थांब म्हणून सांगणारी घंटाच उशिरा वाजते, मग माणूस आणखी ओततो. तुमच्या दादाला कॉलेजात ‘टाकी’ म्हणत, असं तुम्ही लिहिलंय.

आता आधी कशावर उपचार. ही गाठ तुमच्या घरापुरती नाही. अमेरिकेत सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीवर आधारलेला एक लेख १९९० साली आला. त्यात तीव्र स्वरूपाच्या बायपोलर विकाराच्या सुमारे ६० टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा वा अमली पदार्थांचा विकारही झालेला होता. दोन्ही एकत्र असणं हेच नेहमीचं, हे ठाऊक असूनही व्यवस्था दोन खिडक्या मांडून बसते आणि रुग्णाला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवते. मला याचा राग येतो. दारू चालू असताना मनःस्थिती स्थिर होत नाही आणि मनःस्थिती उसळत असताना दारू सुटत नाही. तेव्हा ‘आधी ते’ आणि ‘आधी हे’ ही दोन्ही उत्तरं नापास. उपचार एकाच वेळी, शक्यतो एकाच ठिकाणी आणि निदान एकमेकांशी बोलणाऱ्या डॉक्टरांकडून व्हायला हवेत.

दोन्ही एकमेकांत कसे गुंततात, याच्या तीन वाटा आहेत. मुळाशी सामाईक कल असतो, ही एक. मनाचा त्रास बुजवायला माणूस पितो, ही दुसरी. खिन्नतेत झोप यावी म्हणून, आणि उसळीच्या दिवसांत कशाचीच भीती वाटत नाही म्हणून. तिसरी वाट उलटी: दारूच झोप मोडते, खिन्नता वाढवते, आजाराचा पुढचा झटका ओढून आणते. एकाच माणसात तिन्ही चालू असू शकतात.

दादाच्या बाबतीत कुठली किती, याचा धागा तुम्हीच पत्रात जाता जाता लिहून गेलात. बारावीच्या वर्षी, दारूला शिवलाही नव्हता तेव्हा, तो आठवडाभर जवळजवळ न झोपता सोडा वॉटरचा कारखाना काढायच्या गोष्टी करत होता. आणि मुलगा झाल्यावर त्याने काही महिने दारू पूर्ण सोडली, तर त्याच काळात तो सगळ्यात खचलेला होता. म्हणजे दारू नसतानाही मनःस्थितीचे चढउतार होते. डॉक्टरांसाठी ही सोन्यासारखी माहिती आहे. निदान मी पत्रावरून करणार नाही, पण मनोविकारतज्ज्ञ नेमकं हेच शोधतात: दारूच्या आधी काय होतं, आणि दारू थांबून महिना-दीड महिना उलटल्यावर काय उरतं?

तेव्हा एक मोठा कागद घ्या. डावीकडे सालं लिहा. पुढे दारू कधी सुरू, कधी बंद, कधी वाढली, झोप, मोठे खर्च आणि भांडणं, खाटेवर पडून राहण्याचे काळ, कुठल्या गोळ्या, किती दिवस, कुणी बंद केल्या. साल आठवत नसेल तर घरातली लग्नं, मयतं, द्राक्षाचा हंगाम, महापूर यांच्या खुणा धरा. वहिनींना विचारा, आईंपेक्षा त्यांना जास्त आठवेल. आणि दादा बऱ्या मनःस्थितीत असेल तेव्हा त्यालाही बसवा. स्वतःच्या आयुष्याचा असा कागद पाहून पहिल्यांदा ‘होय, काहीतरी आहे’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. उपदेशाने ते होत नाही.

केंद्र निवडताना थेट विचारा. मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात? बायपोलरच्या गोळ्या चालू ठेवणार का, की ‘इथे कुठलंच औषध नाही’ हा नियम आहे? घरच्यांना भेटता येतं का? रात्री गाडी पाठवून उचलून नेतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारातच धरल्या आहेत. रुग्णाला साखळीने बांधायला त्यात बंदी आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यावं असंही त्यात आहे; पॉलिसीची कागदपत्रं काढून बघा. जिल्हा रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात दोन्हीवर उपचार होऊ शकतात, आणि खर्च झेपणारा असतो. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. कुठे जायचं हेच सुचत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) दारूचा विकार असलेल्या शंभरातल्या ८६ जणांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. तुम्ही दोन दारं ठोठावलीत, तिसरंही ठोठावा.

डॉक्टर बदलले तर झोपेविना काढलेल्या त्या दिवसांबद्दल नक्की सांगा. ते न कळता कुणी नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या, तर बायपोलरमध्ये उसळी येऊ शकते. आणि मरणाच्या गोष्टी, आवराआवर, ‘तुम्हाला माझा त्रास नको’ अशी भाषा दिसली तर थांबू नका. बायपोलर आणि दारू एकत्र असताना आत्महत्येचा धोका यातलं एकच असताना असतो त्याहून वाढतो. ‘मरायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीची औषधं घरातून हलवून कुलपात ठेवा. शेतकऱ्याच्या घरात ही सूचना कुठल्याही गोळीइतकीच महत्त्वाची आहे.

काकांच्या माळेची मी टिंगल करणार नाही. माळ घातल्यावर बाटली खाली ठेवलेली माणसं गावोगाव आहेत. मला त्यात दिसतो तो सोबतीचा बदल: संध्याकाळी चौकाऐवजी भजनात बसायचं, आणि समोरच्याला ‘नको’ म्हणायला कुणी प्रश्न न विचारणारं कारण. फक्त दोन अटी. दारू डॉक्टरांच्या देखरेखीत सुटल्यावर माळ घालावी, आणि ‘आता देव आहे’ म्हणून गोळ्या बंद करू नयेत. गोळ्यांत लिथियम (बायपोलरवरचं एक औषध) असेल तर निर्जळी एकादशी किंवा उन्हातली वारीची वाटचाल डॉक्टरांना विचारूनच. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं.

सोबत आणि जागा किती फरक पाडतात, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे २० टक्के हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स यांनी ते घरी परतल्यावर पाहणी केली, तेव्हा व्हिएतनाममध्ये व्यसनी असलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास होते. त्यांची जनुकं विमानात बदलली नव्हती. आपल्याकडे याच्या अगदी उलटं होतं: माणूस केंद्रातून बरा होऊन निघतो आणि त्याच चौकात उतरतो. म्हणून दादा परत येण्याआधी ठरवा. पहिले काही महिने बागेचा हिशेब आणि एटीएम कार्ड कुणाकडे, हे त्याच्या संमतीने. संध्याकाळी सात ते नऊ तो कुठे असेल? दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची, म्हणजे ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची जवळची सभा कुठे भरते, आणि आई-वहिनींसाठी ‘अल-अॅनॉन’ची? पुन्हा घसरला, तर कुणाला फोन करायचा? घसरणं होतंच, त्यावरून उपचार वाया गेले असं धरू नका.

पुतण्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण तुमच्या हातात सर्वांत जास्त तिथेच आहे. त्याच्यासमोर ‘बापावर गेलाय’ हे वाक्य या घरात कुणी उच्चारू नये, काकांनीही. सोडा-चकणा आणायला त्याला पाठवणं बंद. बापाचा आजार काय आहे ते त्याला साध्या शब्दांत सांगा: बाबांना दोन आजार आहेत, ते तुझ्यामुळे झालेले नाहीत, त्यांच्यावर औषध आहे, आणि आपल्या घरात हा आजार असल्याने तुला इतर पोरांपेक्षा जास्त सांभाळायला लागेल. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरं ‘एकदा घेऊन बघ’ म्हणतील. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात, पंधराच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पुढे कधीतरी दारूचं व्यसन जडलेलं होतं, तर विशीनंतर सुरुवात केलेल्यांत १० टक्क्यांना. ज्यांच्यात मुळात कल असतो तेच लवकर सुरू करतात, हेही त्यात मिसळलेलं आहे. पण पहिला घोट लांबवण्यात तोटा कुणाचाच नाही. महाराष्ट्रात मद्याला २५ आणि बिअरला २१ वर्षांची अट आहे, ती घरात तरी पाळा. गांजाला ‘नैसर्गिक’ समजू देऊ नका. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी तपासलेल्या तरुणांपैकी ज्यांनी तोवर पन्नासहून जास्त वेळा गांजा ओढला होता, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनिया या भास-संशयाच्या गंभीर मनोविकाराचं प्रमाण सहापट दिसलं. शाळा, झोप, मैदान आणि रोज एक शांत मोठं माणूस, एवढं त्याला मिळू द्या. सुट्टीत त्याला पुण्याला आणता येईल का, ते बघा. आणि सोळा ते पंचविसाच्या दरम्यान झोप एकदम उडाली किंवा खोलीत कोंडून घेऊ लागला, तर वाट न बघता दाखवा.

राहता राहिलं तुमचं लग्न. बायपोलरच्या रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांत हा आजार होण्याचं प्रमाण साधारण शंभरात ५ ते १० सांगितलं जातं. तो बहुतेकदा विशीच्या आसपास सुरू होतो. तुम्ही ३१ च्या आहात आणि उसळीचे दिवस तुम्हाला कधी आलेले नाहीत, म्हणजे त्या वाट्यातला बराचसा धोका मागे पडलाय. मधूनमधून उदास वाटतं असं लिहिलंय, ते मात्र एकदा दाखवून घ्या. अशा घरात वाढल्यावर ते आश्चर्याचं नाही. तुमच्या मुलाचं मामाशी नातं आणखी एक पायरी लांबचं. ‘मूल होऊ देऊ नका’ असं या आकड्यांवरून कुणी शहाणा डॉक्टर सांगणार नाही. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे झोपेकडे लक्ष ठेवायला हवं, आणि घराण्याचा हा इतिहास तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना माहीत असावा.

सांगायचं ते मुलाला सांगा, साखरपुड्याआधी आणि स्वतःच्या तोंडाने. मध्यस्थांमार्फत नको आणि बैठकीत पोह्यांच्या बशा समोर ठेवूनही नको. ‘माझ्या भावाला बायपोलर आहे आणि दारूचं व्यसन आहे, वडीलही प्यायचे, भावाचे उपचार सुरू करतोय, त्यासाठी मला वेळ आणि थोडे पैसे द्यावे लागतील.’ एवढं पुरे. दादाच्या झटक्यांचा तपशील हा दादाचा आहे, तो देऊ नका. ऐकून मुलगा मागे सरला तर वाईट वाटेल. पण लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी येऊन त्याने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, हे त्याहून वाईट. आणि तो काय विचारतो, याकडे लक्ष द्या. ‘मग आपल्या मुलांना होईल का?’ हा प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर वर दिलंय. ‘मग तू माहेरी किती जाणार?’ असं विचारलं, तर साखरपुड्याची तारीख थोडी पुढे ढकला आणि आणखी दोनदा भेटा.